दाराशी समुद्र: मिलोस बेटावरच्या क्लिमा गावात

आधीचे सहा महिने

फोटो नवऱ्याला सापडला. पांढऱ्या भिंती, तळमजल्याला लाल, निळे, पिवळे, हिरवे दरवाजे आणि उंबऱ्यापासून चार हातांवर समुद्र. ग्रीसच्या मिलोस बेटावरचं क्लिमा हे गाव. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, बदाम आले, आणि हर्णैहून आत्याचा एकच प्रश्न आला: “भरती कुठवर येते गो तिथं?”

प्रश्न मला खुळा वाटला, म्हणून उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. मग मी घर भाड्याने देणाऱ्या बाईंना तसाच्या तसा निरोप पाठवला. त्यांनी हसरा चेहरा धाडला आणि लिहिलं, “इथे भरती नसते. वारा असतो.” आत्याला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, “भरती नाही असा समुद्र असतो होय? मला बघायचाय.” अशा रीतीने दोघांची सहल तिघांची झाली. आत्या अडुसष्ट वर्षांची, उजवा गुडघा कुरकुरणारा, पासपोर्ट मात्र तयार, कारण लेकीकडे दुबईला जाऊन आलेली.

आत्या येणार म्हटल्यावर सगळा आराखडा बदलला. क्लिमाची घरं म्हणजे मुळात होड्यांच्या खोल्या. त्यांना सिर्मा म्हणतात, अनेकवचनी सिर्माता; शब्द ओढण्यावरून आलाय. हिवाळ्यात होडी ओढून खाली घ्यायची, वरच्या खोलीत माणसांनी राहायचं. आता बऱ्याच खोल्या पाहुण्यांना देतात. वर जायचा जिना बहुतेक ठिकाणी उभा आणि अरुंद. मी सात-आठ घरांना ‘पायऱ्या किती, कठडा आहे का’ एवढंच विचारत बसले. शेवटी खालच्या खोलीत एक पलंग असलेलं घर मिळालं. सोय नको असेल तरच क्लिमात राहावं, हेही इथेच सांगून टाकते. दुकान नाही, जेवायला फारसा पर्याय नाही, गाडी ठेवायला जागा तोकडी, आणि कोपऱ्यावरचं दूध आणायचं तर टेकडी चढून वरच्या त्रिपिती गावाला. मुलं लहान असतील तर ईशान्य टोकाचं पोलोनिया बरं: तेही मूळचं कोळ्यांचंच गाव, पण वाळूचा किनारा, खानावळी, बेकरी सगळं हाताशी.

तारखांवर आमचं भांडण झालं. नवऱ्याला ऑगस्ट हवा होता, सुट्टी तेव्हाच. पण जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस वाहतो आणि बेटावर गर्दीही तेव्हाच. सप्टेंबरात पाणी उन्हाळाभर तापून उबदार झालेलं असतं, माणसं निम्मी होतात. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ठरला. (महिना संपताना दक्षिणेचे वारे सुरू होऊ शकतात हे मी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.)

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस तरी आधी करावा लागतो; फी जून २०२४ पासून ९० युरो, शिवाय अर्ज गोळा करणाऱ्यांचा आकार वेगळा. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. राहण्याचं आरक्षण दाखवावं लागतं, म्हणून रद्द करता येईल असंच घ्यावं. गाडी चालवायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवायचा.

आणि एक अट आत्याची. मी मिलोसहून परतायचा दिवस आणि अथेन्सहून विमान एकाच दिवशी बसवलं होतं, हॉटेलची एक रात्र वाचत होती. आत्याने तक्ता पाहिला. “दर्यावरून यायचंय ना? मग मधे एक दिवस रिकामा ठेव.” “आत्या, मोठं जहाज आहे ते.” “असू दे.” ठेवला.

पहिला दिवस

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन आता थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, २०२२ पासून. तासभर लागतो. बंदर मात्र अवाढव्य. जहाज कोणत्या दरवाजासमोर लागणार ते तिकिटावर पाहून ठेवलं नाही तर सामान ओढत चालायची तयारी ठेवा.

मिलोसला दोन तऱ्हेची जहाजं जातात. वेगवान तीन तासांच्या आसपास पोहोचतं, पण त्यात विमानासारखं काचेआड बसायचं. संथ जहाजाला पाच-सात तास, थांबे घेत घेत. भाडं कमी आणि वर मोकळा डेक. आम्ही संथ घेतलं. आत्याने डेकवरची प्लास्टिकची खुर्ची कठड्याला लावली, डोक्याला ओढणी बांधली आणि पहिले दोन तास कुणाशी बोलली नाही. नंतर पर्समधून चकल्या निघाल्या.

उतरण्याची गंमत कुणी सांगितली नव्हती. बेट जवळ आलं की सगळे खाली गाड्यांच्या मजल्यावर उतरतात आणि सामानासकट उभे राहतात. जहाज धक्क्याला पाठ लावतं, तोवरच मागचा दरवाजा साखळ्यांवर खाली यायला लागतो, शिट्ट्या वाजतात, आणि माणसं, स्कूटर, ट्रक एकदमच बाहेर. दहा मिनिटांत जहाज पुढच्या बेटाकडे. “आपली दाभोळ-धोपावेची फेरी मोठी करून ठेवलीय,” आत्या म्हणाली.

मिलोस ज्वालामुखीचं बेट आहे, घोड्याच्या नालासारखं, मधे मोठी खाडी. बंदर आदामास त्या खाडीत, आणि क्लिमाही त्याच खाडीच्या काठाला, त्रिपितीच्या टेकडीच्या पायथ्याशी. पोहोचलो तेव्हा सूर्य समोरच्या डोंगरावर टेकला होता. घराच्या दाराला गडद निळा रंग. होडीला काढलेल्या रंगातला उरलेला रंगच दाराला लावायचा, असा इथला रिवाज सांगतात. दारासमोर सिमेंटचा अरुंद कट्टा, कट्ट्याला लागून पाणी.

आत्या आत आलीच नाही. कट्ट्यावर बसली आणि पाण्याच्या कडेला एक शिंपला ठेवला. “काय करतेस?” “ओहोटी बघते.”

दुसरा दिवस

सकाळी शिंपला तिथेच होता. पाणीही तिथेच होतं.

आपल्याकडे, म्हणजे हर्णैला, भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं. होड्या कधी काढायच्या, मचव्यावरून मासळी कधी उतरवायची, पोरांनी कुठवर जायचं, सगळं त्या चढउतारावर. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त. महासागराशी त्याची गाठ जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातूनच. त्यामुळे एजियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक वीतभर, फार तर हातभर. क्लिमाचा सगळा देखावा या एका गोष्टीवर उभा आहे. कोकणात असं घर बांधलं असतं तर दिवसातून दोनदा स्वयंपाकघरात पाणी आणि दोनदा दारासमोर चिखल. मी इतके महिने गावाचे फोटो पाहत होते, पण ही घरं इथे उभी राहूच कशी शकतात हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आत्याने पहिल्याच फोटोला विचारला होता.

त्या दिवशी आम्ही काही पाहायला गेलो नाही. दोन घरं सोडून एक म्हातारेबुवा पिवळं जाळं पसरून भोकं सांधत होते. आत्या त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. ती कोळीण नव्हे, पण साठ वर्षं बंदराच्या शेजारात काढलेली, रोजचा संध्याकाळचा लिलाव ऐकून वाढलेली. ते ग्रीकमध्ये बोलत होते, ही मराठीत. पाऊण तासाने तिने मला येऊन सांगितलं की मासा कमी झालाय, मुलगा अथेन्सला नोकरीला आहे आणि बुवांची पाठ दुखते. यातलं किती खरं होतं कोण जाणे. मुलाचं तरी खरं निघालं, घरमालकीणबाईंनीच संध्याकाळी सांगितलं.

त्या इंग्रजी चांगलं बोलत. मी सहज विचारलं, मच्छीमारांचं गाव म्हणता, मग होड्या इतक्या थोड्या का? त्या म्हणाल्या, मोडल्या. युरोपीय संघाला मासेमारी कमी करायची होती. मच्छीमाराने परवाना परत दिला की भरपाई मिळायची, पण त्याबरोबर होडीही द्यायची, आणि ती बुलडोझरखाली मोडायची. १९९०च्या दशकापासून ग्रीसमध्ये अशा हजारो लाकडी होड्या, त्यांना काइकी म्हणतात, फोडल्या गेल्या. हाताने लाकूड वाकवून बांधलेल्या. बांधणारे सुतारही आता थोडे उरलेत. मी हे आत्याला मराठीत सांगितलं. “विकायला तरी द्यायची,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “नाहीतर शाकारून ठेवायची.” जेवताना तिने तोच विषय पुन्हा काढला.

जेवणाचं एक कळलं ते इथेच सांगते. ग्रीसमध्ये मेनूवर पदार्थापुढे फुली किंवा ‘काप्पा-आल्फा-ताफ’ अशी तीन अक्षरं दिसली की तो माल गोठवलेला. ताजा मासा किलोवर असतो. आधी पाहायला मागायचा, वजन करून घ्यायचं, मगच हो म्हणायचं. आम्ही बार्बुनी घेतले, लालसर, आपल्या राण्यांच्या जवळचे. आत्याने कल्ले उघडून पाहिले तेव्हा वेटर हसला आणि आत जाऊन त्याहून बरे दोन घेऊन आला.

तिसरा दिवस

सकाळपासून वारा, पण आमच्या कट्ट्यावर नावालाही नाही. क्लिमाच्या पाठीशी टेकडी असल्याने उत्तरेचा वारा वरून निघून जातो. बोफोर म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप. इथले लोक हवेची चौकशी ‘किती बोफोर?’ अशी करतात, जसं आपण ‘पाऊस आहे का तिकडे?’ विचारतो. त्या दिवशी सहा होते. क्लेफ्तिकोच्या गुहांना जाणारी होडी रद्द.

मग गावातला नियम कळला: वारा उत्तरेचा असेल तर दक्षिण किनाऱ्यावर जा, दक्षिणेचा असेल तर उत्तरेला. बेट लहान, गाडीने अर्ध्या तासात पलीकडे. म्हणून मिलोसला जाणाऱ्याने ‘सोमवारी अमुक किनारा, मंगळवारी तमुक’ असा तक्ता करूच नये. माझा होता, रंगीत.

नियम मोडून आधी सारकिनिकोला गेलो, उत्तरेला. ज्वालामुखीच्या राखेचा दगड, वाऱ्याने आणि लाटांनी गुळगुळीत केलेला, पांढराफटक. झाड नाही, सावली नाही. लाटा खडकाच्या खाचेत घुसून वर उडत होत्या. गॉगल न घेता गेलो तर दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात. जमलं तर पहाटे जावं.

दुपारी दक्षिणेच्या पालिओखोरीला पाणी तळ्यासारखं शांत. मागचे कडे पिवळे-तांबडे, गंधकाचे. बेटाखाली अजून उष्णता आहे. वाळूत हात खुपसला तर काही ठिकाणी भाजतो. तिथल्या एका खानावळीत मटण भांड्यात घालून त्या गरम वाळूत पुरतात आणि तासन्‌तास शिजू देतात. आत्याला अलिबागकडची पोपटी आठवली. “फक्त भांबुर्ड्याचा पाला तेवढा नाही.”

चौथा दिवस

क्लिमातून वर त्रिपितीला जाणारी पायवाट आहे. आत्या गाडीने पुढे, मी पायी. अर्ध्या वाटेवर एका दगडी पाटीवर लिहिलंय की इथे व्हीनसचा पुतळा सापडला. १८२० साली एका शेतकऱ्याला दगड काढताना तो मिळाला, फ्रेंच नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पाहिला, खटपटी झाल्या, आणि पुढच्याच वर्षी तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पोहोचला. आज मिलोसच्या प्लाका गावातल्या संग्रहालयात त्याची प्लास्टरची प्रतिकृती आहे. पाटीभोवती गवत आणि ऑलिव्हची झाडं. माझ्याशिवाय तिथे एक शेळी होती.

थोडं पुढे रोमन काळातलं संगमरवरी नाट्यगृह, खाडीकडे तोंड करून. त्याच उतारावर सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची, जमिनीत कोरलेली दफनाची भुयारं. म्हणजे आमच्या निळ्या दाराच्या वरच्या डोंगरावर अख्खं प्राचीन शहर होतं. इसवी सनपूर्व ४१६ मध्ये अथेन्सने त्याला वेढा घालून पुरुष मारले आणि बायका-मुलांना गुलाम केलं. गुन्हा एवढाच की मिलोसला कुणाच्याच बाजूने युद्धात उतरायचं नव्हतं. आणि त्याच्याही फार आधी, दहा हजार वर्षांहून जुन्या काळात, माणसं मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून इथला काळा काचेसारखा ऑब्सिडियन दगड न्यायला येत. मिलोसचा दगड ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत सापडलाय. कसल्या होड्यांतून आले असतील, त्याचा मागमूस नाही. खाण आजही बेटाचा मोठा धंदा आहे, आता बेन्टोनाइट आणि पर्लाइट या खनिजांची. आदामासला खाणींचं संग्रहालय आहे, तासभर काढण्यासारखं.

आत्या प्लाकाच्या चौकात सापडली. हातात टोमॅटो-कांदा पसरलेली जाड भाकरीसारखी लादेनिया, कडेला चीज भरलेल्या, तळलेल्या पितारकिया. करंजीच ती. तिने बेकरीवालीला खुणेने ‘मुरड’ घालून दाखवली होती म्हणे.

पाचवा दिवस

पोलोनियाहून छोट्या फेरीने किमोलोस बेट. अर्ध्या तासाचा प्रवास, मागे फिरून संध्याकाळी परत. खडूला ग्रीकमध्ये ‘किमोलिया’ म्हणतात ते या बेटावरून, इथल्या पांढऱ्या मातीमुळे. ही माती जुन्या काळी कपडे धुवायला जायची. गूपा गावात खडकात कोरलेली सिर्माता आहेत, क्लिमाहून शांत, पाहुणे जवळजवळ नाहीत. मला पुन्हा जायचं झालं तर मी तिथे राहीन. नवऱ्याने हे वाक्य लिहून घेतलंय.

परतीच्या फेरीत आत्या म्हणाली, “वारा फिरला.” मला काही जाणवलं नाही. झेंडा पाहिला तर खरंच उलट फडकत होता.

सहावा दिवस

पहाटे चारला कुणीतरी दार वाजवतंय असं वाटलं. लाट होती.

नैर्ऋत्येचा वारा. उत्तरेला टेकडी आहे, पण या बाजूला खाडी उघडी. पाण्यावरून चार-पाच किलोमीटर धावत येऊन वारा सरळ क्लिमाच्या दारांवर आदळतो. भरती नाही म्हणून पाण्याच्या पातळीवर बांधलेलं घर, आणि पाणी वर आलं. पहिली लाट कट्ट्यावर, तिसरी-चौथी दाराच्या फटीतून आत, आत्याच्या पलंगाखालच्या चपलांपर्यंत. आम्ही तिला वर न्यायला धावलो, तर ती आधीच बॅगा टेबलावर ठेवून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पोतेरं दाराशी लावत होती.

उजाडताच मालकीणबाई आल्या. दारापुढे फळ्या बसवायच्या खाचा चौकटीत होत्याच. पाच दिवस मी त्यांना दाराची नक्षी समजत होते. फळ्या उतरल्या, खाली चिंध्या कोंबल्या. जाळंवाले बुवा होडी वर ओढत होते, चार शेजारी हात लावत होते. नवराही गेला. गावभर कुणी घाबरलेलं दिसत नव्हतं, फक्त सगळ्यांचे पाय ओले होते. घर घेताना मी पायऱ्या, कठडा, वायफाय, सगळं विचारलं होतं. ‘दक्षिणेचा वारा आला तर काय’ हे विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा.

दिवसभर घरातच. फावा केला, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. आत्याने जिरं-लसणीची फोडणी घातली आणि बाईंना वाटीभर दिलं. वाटी रिकामी परत आली नाही. त्यात अंजिरं होती.

सातवा दिवस

आज निघायचं होतं. सकाळी संदेश आला: वाऱ्यामुळे बंदर अधिकाऱ्यांनी जहाजं सोडायला बंदी केली आहे. इथे त्याला ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात आणि हा शब्द बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आदामासला चाळीस-पन्नास प्रवासी बॅगांवर बसलेले. एका जोडप्याचं विमान त्याच रात्रीचं होतं. त्यांची मुलगी रडत होती आणि बाप फोनवर कुणालातरी तेच तेच सांगत होता. आमचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं करून मिळालं. बाईंनी रात्रीचे पैसे घ्यायला नकार दिला, कारण घर ओलं होतं. अथेन्सच्या हॉटेलची एक रात्र बुडाली आणि अक्रोपोलिसची तिकिटं वाया गेली.

आत्या मला काही बोलली नाही. नवऱ्याला मात्र दोनदा म्हणाली, “चहा घेणार ना? वेळ आहे आज.”

आठवा दिवस

वारा पडला. पाणी पुन्हा कट्ट्याच्या खाली, जसं काही झालंच नाही. फळ्या धुऊन उन्हात उभ्या केल्या होत्या. आत्या पाण्याच्या कडेला वाकून काहीतरी शोधत होती. शिंपला गेला होता. तिने दुसरा उचलला, रुमालात बांधला आणि गाडीत बसली.